परतफेडीचे साधन

बँकेत मी छत्तीस वर्षे काढली. त्यातली निम्मी तरी कर्ज विभागात गेली असतील. कर्जाच्या अर्जात अनेक रकाने असतात, पण अनुभवी अधिकारी त्यातले दोनच नीट वाचतो. पहिला 'कर्जाचा हेतू' आणि दुसरा 'परतफेडीचे साधन'. म्हशीसाठी कर्ज असेल तर हेतू म्हैस आणि साधन दूध. रिक्षासाठी असेल तर हेतू रिक्षा आणि साधन भाडे. दोन्ही रकाने एकमेकांना धरून असले की सही करायला हात अडखळत नाही.

निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, माझ्या घरातल्या डायनिंग टेबलावर असा एक अर्ज आला की त्यातले हे दोन रकाने एकमेकांशी भांडत होते. अर्ज माझ्या भाचीचा होता.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. माहेर-सासर दोन्ही कोकणातले, घर चिपळूणला. वडिलांचे बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचे दुकान आणि दुकानावरच राहते घर. मुलगी पुण्यात आर्किटेक्ट झाली, पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून दोन वर्षे एका कार्यालयात नोकरी करत होती. तिला नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात पदव्युत्तर प्रवेश मिळाला. वास्तुरचना, नगररचना आणि बांधकामशास्त्र असा तो एकत्रित दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात वेगवेगळ्या शाखा असतात. हिची शाखा होती नगररचना. जगातल्या वास्तुकलेच्या शाळांची यादी कोणीही केली तरी डेल्फ्टचे नाव पहिल्या काहींत येते. ठरावीक तारखेपर्यंत होय किंवा नाही कळवायचे होते.

"मामा, सही लागेल तुमची," ती म्हणाली.

मी हिशेबाचा कागद ओढला. सवय जात नाही.

परदेशी विद्यार्थ्यांची तिथली फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर. राहणे, खाणे, विमा, प्रवास धरून दोन वर्षांचे पासष्ट ते सत्तर लाख रुपये होत होते. तिची शिल्लक, बहिणीचे दागिने आणि मेहुण्यांच्या ठेवी जमेस धरूनही पन्नास लाखांचे कर्ज काढावे लागणार. शैक्षणिक कर्जात साधारणपणे शिक्षणाची मुदत आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते, हे आईबापांच्या ध्यानात येत नाही. दर दहा टक्के धरला आणि पैसे चार सत्रांत सारखे उचलले, तर हप्ता सुरू होईपर्यंत सव्वाअकरा लाख व्याज चढते. मग सव्वाएकसष्ट लाखांची पंधरा वर्षांत फेड करायची तर महिन्याचा हप्ता सुमारे ६५,८०० रुपये. एकूण भरायचे एक कोटी अठरा लाख.

भाचीचा पुण्यातला पगार होता तीस हजार.

हा आकडा मी टेबलावर ठेवला तेव्हा मेहुणे काही बोलले नाहीत. ते मुळातच कमी बोलतात, आणि २२ जुलै २०२१ नंतर आणखी कमी बोलू लागले आहेत.

त्या दिवशी चिपळुणात काय झाले हे वाचकांना आठवत असेल. आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला तर त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या गावात शिरल्या. खाडीला भरती होती, त्यामुळे पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. करोनामुळे कॉलेजचे वर्ग घरूनच चालू होते, म्हणून भाची तेव्हा चिपळुणातच होती. तिने वरच्या मजल्याच्या जिन्यात उभे राहून खालच्या दुकानात पाणी चढताना पाहिले. नव्या शालेय वर्षाचा माल भरलेला होता. कागदाला पाणी लागले की तो आधी फुगतो, मग फळ्या मोडतो. "मामा, फळ्या मोडल्याचे आवाज येत होते," एवढेच तिने मला फोनवर सांगितले होते.

मी स्वतः २००५ साली चिपळूणच्या शाखेत होतो. २६ जुलैचा पूर मी पाहिलेला आहे. लेजर उन्हात वाळत घातलेली आठवतात. पण आम्ही ती वाळवली, भिंतींना रंग दिला आणि विसरलो. या मुलीने विसरायचे नाकारले. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिने बाजारपेठेवरच केला. पूररेषेच्या आत पिढ्यानपिढ्या असलेली घरे उचलून नेता येत नाहीत, मग ती पाण्यासह कशी उभी राहतील, हा तिचा प्रश्न. परीक्षकांनी चांगले गुण दिले आणि विचारले, "याचा पाया कोणत्या हिशेबावर?" तिच्याकडे उत्तर नव्हते. डेल्फ्टचा विचार तिथे सुरू झाला.

आणि इथेच नशिबाने एक चेष्टा केली. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बाजारपेठेचा बराच भाग या रेषांच्या आत येतो, आणि मेहुण्यांचे घर निळ्या रेषेत. तिथे नव्या बांधकामावर निर्बंध असतात. कर्जासाठी तारण म्हणून ते घर दाखवले, तर मूल्यांकन करणाऱ्याने रेषेकडे बोट दाखवून किंमत निम्म्यावर आणली. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, त्याच्या जागी मीही तेच केले असते. पण ज्या रेषेचा अभ्यास करायला मुलगी निघाली होती, त्याच रेषेने तिची वाट अडवली. उरलेल्या तारणासाठी माझा पुण्यातला फ्लॅट हवा होता.

आता प्रश्न माझ्याही घरात शिरला होता.

मी कर्ज अधिकाऱ्यासारखाच सुरू झालो. जायलाच हवे का? आपल्याकडे आर्किटेक्ट म्हणून काम करायला बी.आर्क. आणि १९७२ च्या कायद्यानुसार कौन्सिलची नोंदणी पुरते, पदव्युत्तर पदवीची सक्ती नाही. शिकायचेच तर बाळकृष्ण दोशींनी १९६२ मध्ये सुरू केलेली अहमदाबादची शाळा आहे, दिल्ली आहे. गेट परीक्षा देऊन खरगपूर किंवा रुरकीच्या आयआयटीत गेले तर उलट विद्यावेतन मिळते. दोशी स्वतः पुण्यात जन्मलेले, जे.जे.मध्ये शिकलेले. पुढचे शिक्षण त्यांनी एखाद्या पदव्युत्तर वर्गात नाही, पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात घेतले, आणि २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. हे सगळे मी तिला ऐकवले.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामा, तुम्ही मला कुठली शाळा मोठी ते सांगताय. मला पाण्याचा हिशेब कुठे शिकवतात ते बघायचंय."

त्यानंतरचे चार-पाच दिवस मी वाचत होतो. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते, पात्र जिथे जाणार तिथली गल्ली न् गल्ली त्याला माहीत हवी असते. डेल्फ्टची वास्तुकलेची शाळा २००८ च्या १३ मे रोजी जळून गेली, हे मला तेव्हा कळले. पाण्याची गळती कॉफीच्या यंत्रापर्यंत पोचली, शॉर्टसर्किट झाले आणि सगळी इमारत भक्ष्यस्थानी पडली. जीवितहानी झाली नाही. ग्रंथालयातली पुस्तके आणि नकाशे वाचवता आले, जुन्या नामवंत खुर्च्यांचा संग्रहही वाचला. त्या लोकांनी आधी तंबूत वर्ग भरवले आणि मग गावातल्या एका जुन्या मोठ्या इमारतीत संसार थाटला, तो आजही तिथेच आहे. हे वाचून मला का कोण जाणे, शाळेबद्दल आपुलकी वाटली. ज्यांचे स्वतःचे घर एकदा गेले आहे, त्यांना चिपळूणच्या मुलीचे बोलणे समजेल, असे काहीसे मनात आले.

पाण्याशी त्या देशाचे वैर आणि सोयरीक दोन्ही जुनी. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले आणि १,८३६ माणसे गेली. त्यानंतर त्यांनी समुद्राला अडवणारी प्रचंड धरणे आणि दरवाजे बांधले. पुढे १९९३ आणि १९९५ मध्ये नद्या फुगल्या. १९९५ ला अडीच लाख लोकांना घरे सोडून हलावे लागले. तेव्हा त्यांनी विचार बदलला. बांध आणखी उंच करत जाण्यापेक्षा नदीला पसरायला जागा द्यायची, असे ठरवून तिसाहून अधिक ठिकाणी कामे केली. नाइमेखेन नावाच्या शहरापाशी बांध साडेतीनशे मीटर मागे नेला आणि नदीला दुसरे पात्र काढून दिले. त्यासाठी पन्नासेक घरे उठवावी लागली. त्या लोकांशी वर्षानुवर्षे बोलणी चालली होती. आपल्याकडे नदीपात्रातला गाळ काढायचा की नाही यावर उपोषणे होतात, हे वाचताना तेच डोळ्यांसमोर येत होते.

पण माझ्यातला अधिकारी गप्प बसेना. मी भाचीला म्हटले, "अगं, त्यांचा देश सपाट. ऱ्हाइनचं पाणी जर्मनीतून यायला दिवस लागतात, त्यांना तयारीला वेळ मिळतो. त्यांचा वर्षाचा पाऊस आठशे-साडेआठशे मिलिमीटर. तुझ्या डोंगरावर त्यातला दोनतृतीयांश एका दिवसात पडला. शिवाय कोयनेच्या वीजघरांचं पाणी वाशिष्ठीत. त्यांचं शास्त्र तुला काय कामाचं?"

यावर तिने जे सांगितले, ते मला माहीत नव्हते. चिपळूणच्या पुराच्या जेमतेम आठवडाभर आधी, जुलै २०२१ च्या मध्यावर, जर्मनी आणि बेल्जियममध्ये महापूर येऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली होती. नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातले फाल्कनबुर्ख नावाचे छोटे गाव त्यातच पाण्याखाली गेले. समुद्राला हरवलेल्या देशाला एका ओढ्याएवढ्या नदीने गाठले. "म्हणजे डोंगरातल्या छोट्या नदीचं उत्तर त्यांच्याकडेही तयार नाही, मामा. ते शोधतायत. मला शोधणाऱ्यांत बसायचंय."

मी तिला कोरा कागद दिला आणि बँकेच्या पद्धतीने दोन रकाने भरायला सांगितले. कर्जाच्या हेतूसमोर तिने लिहिले: चिपळूणच्या बाजारपेठेत घर कसे बांधावे ते शिकणे. परतफेडीच्या साधनासमोर ती बराच वेळ पेन धरून बसली आणि मग रकाना कोराच ठेवून उठली.

खरी अडचण ती होती, आणि ती मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. महिना पासष्ट हजारांचा हप्ता चिपळुणात राहून, चिपळूणची घरे बांधून फिटणार नाही. तो फेडायचा तर तिथेच नोकरी करावी लागणार. पदवीनंतर काम शोधायला एक वर्ष राहू देतात. तिथे 'आर्किटेक्ट' किंवा नगररचनाकार ही उपाधी कायद्याने जपलेली आहे, ती लावायला आणखी दोन वर्षांचा अनुभव घ्यावा लागतो. पाच वर्षे अशी जातात, मग सात. ज्या गावासाठी शिकायचे, त्या गावापासून ते कर्जच तिला दूर ठेवणार.

पूर्वी असे नव्हते. मालवणजवळच्या आचऱ्यात १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे जे.जे.मधून बाहेर पडले आणि १९४५ मध्ये सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवले, थेट वॉल्टर ग्रोपियस यांच्या वर्गात. १९४७ मध्ये ते परतले आणि त्यांनी सरकारी प्रयोगशाळांच्या इमारती बांधल्या. पुढे कानपूरची आयआयटी आणि मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्रही त्यांचेच. सरकारने पाठवले होते, म्हणून परत यायचे काम त्यांची वाट पाहत होते. आज मुलांना पाठवते बँक, आणि बँकेला फक्त हप्ता हवा असतो. तो कोणत्या देशातून येतो, याच्याशी तिला देणेघेणे नसते.

मला याचे एक उदाहरण विसरता येत नाही. इंडियन बँक्स असोसिएशनची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना २००१ मध्ये आली, त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत एका शाखेत मी एका शिक्षकाच्या मुलाला अमेरिकेसाठी कर्ज मंजूर केले. मुलगा हुशार होता, कर्ज उत्तम फिटले, एक हप्ता चुकला नाही. माझ्या कारकिर्दीतले ते आदर्श खाते म्हणावे असे. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला त्याचे वडील पासबुकात एंट्री करून घ्यायला येत. "आला का हप्ता?" असे विचारत. पहिल्यांदा मला वाटले, गृहस्थ फार काळजीचे आहेत. नंतर लक्षात आले की ते मुलाची खुशाली विचारत होते. तेव्हा फोन महाग होते आणि मुलगा कामात. हप्ता आला म्हणजे मुलगा ठीक आहे. कर्ज मुदतीआधी फिटले त्या दिवशी मी त्यांचे अभिनंदन केले. ते म्हणाले, "साहेब, आता इथं यायचं काही कारण उरलं नाही." मुलगा परत आला नाही. त्यात त्याचा काही गुन्हा नव्हता. पण मंजुरीच्या कागदावर सही माझी होती, आणि या गृहस्थांचा विचार मी त्या वेळी कुठल्याच रकान्यात केला नव्हता.

ही गोष्ट मी त्या संध्याकाळी सगळ्यांना सांगितली. मेहुणे खिडकीबाहेर बघत होते. बोलली ती बहीण, जी आठवडाभर चहा करण्यापलीकडे काही म्हणाली नव्हती.

"दादा, ती परत येईल या आशेवर कर्ज काढू नका. आणि येणार नाही या भीतीनं अडवूही नका. दोन्हीत आपलाच विचार आहे."

थोड्या वेळाने माझी पत्नी स्वयंपाकघरातून आली. "फ्लॅट दोघांच्या नावावर आहे ना? मग माझीही सही लागते. मला कोणी विचारलं नाही." आम्ही सगळे ओशाळलो. तिने भाचीला एकच प्रश्न विचारला, "तिथं गेल्यावर हे आपलं नव्हे असं वाटलं, तर सहा महिन्यांत परत येशील का? लाज न वाटता?"

भाचीच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "मामी, परत यायला परवानगी आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं."

मामीच्या त्या प्रश्नाने मला माझाच धंदा नव्याने कळला. शैक्षणिक कर्ज एकरकमी कधीच देत नाहीत. सत्रागणिक फी भरायची वेळ आली की तेवढीच रक्कम उचलतात, आणि न उचललेल्या रकमेवर व्याज नसते. म्हणजे पन्नास लाखांचा निर्णय पन्नास लाखांचा नव्हताच, तो चार सत्रांचे चार निर्णय होता. पहिल्या सत्राचे साडेबारा लाख ही बुडाली तरी आम्ही सगळे मिळून सोसू शकू अशी रक्कम होती. छत्तीस वर्षे मी हे वाटप करत आलो, पण घरात त्याचा असा अर्थ लावायला मामी लागली.

आम्ही कागदावर लिहून ठेवले. प्रत्येक सत्रानंतर सगळ्यांनी बसायचे. पुढची रक्कम उचलायची का, हे भाचीने सांगायचे, आम्ही फक्त ऐकायचे. दरम्यान तिने एका जुन्या न्यासाच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीसाठीही अर्ज करायचा. नियमात बसेल तेवढे, आठवड्याला सोळा तासांपर्यंतचे काम तिथे शोधायचे. परतफेडीच्या रकान्यात तिने पेन्सिलीने 'पाहू' असे लिहिले. कर्ज अधिकारी म्हणून असा अर्ज मी परत पाठवला असता. मामा म्हणून सही केली, शेजारी मामीने केली.

ज्यांच्या घरात आज असा अर्ज टेबलावर पडलेला आहे, त्यांना मी उपदेश करणार नाही. जा किंवा जाऊ नका, यातले एकही उत्तर सर्वांना लागू पडत नाही. एवढेच सांगेन की शाळेचे नाव शेवटी बघा. मुलाकडे स्वतःचा प्रश्न आहे का, हे आधी बघा. तो नसेल तर फुकट मिळालेला प्रवेशही महाग पडतो. हप्त्याचा हिशेब मुलासमोर बसून करा, त्याच्या पाठीमागे नको. आणि परतीचे दार उघडे आहे, हे तोंडाने सांगा.

भाची २०२५ च्या सप्टेंबरात गेली. पहिल्या सत्रानंतर आम्ही फोनवर बसलो, तेव्हा तिने दुसरी रक्कम उचलायला सांगितली. शिष्यवृत्तीचे काही झाले नाही. थंडी फार आहे, सायकलवरून दोनदा पडली, भाजी महाग आहे, एवढे कळले.

गेल्या महिन्यात तिचा मला निरोप आला. एका अभ्यासासाठी तिला बाजारपेठेतल्या दहा दुकानांत २०२१ चे पाणी नेमके कुठवर चढले होते, त्याची मापे हवी होती. मी एसटीने चिपळूणला गेलो. मेहुण्यांनी दुकानाला नंतर रंग दिला, पण मागच्या भिंतीवरची पाण्याची रेघ तशीच ठेवली आहे. एका टोकाला टेप धरून मी खाली बसलो, मेहुणे स्टुलावर चढले. सात फूट चार इंच. मग शेजारच्या दुकानात गेलो, मग समोरच्या. लोक आपणहून बोलावून भिंती दाखवू लागले. मेहुणे प्रत्येक आकडा दुकानाच्या रोजकीर्दीत लिहून घेत होते, तारीख आणि वेळ घालून. संध्याकाळी त्यांनी स्वतः मुलीला फोन लावला आणि दहाही मापे सावकाश वाचून दाखवली. चार वर्षांत मी त्यांना सलग इतके बोलताना ऐकले नव्हते.

फोन ठेवून ते मला म्हणाले, "आणखी काही मोजायचं असेल तर विचारा तिला."